पातळ थर आणि रुसलेला मेश: उष्णतेच्या सिम्युलेशनमध्ये अडकलोय, मदत हवी

चाकणचा_चक्रम (सोमवार, रात्री ११:२०)

नमस्कार मंडळी. तीन वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. लांबलाय, सांभाळून घ्या.

इलेक्ट्रिक दुचाकीच्या मोटर कंट्रोलरचं थर्मल सिम्युलेशन माझ्या गळ्यात पडलंय. कंपनीत महागड्या सॉफ्टवेअरचं लायसन्स एकच, आणि ते स्ट्रक्चरलवाले दिवसभर सोडत नाहीत. म्हणून जीमेशमध्ये मेश (वस्तूचे छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट, पाडणं) आणि एल्मरमध्ये सॉल्व्ह (त्या तुकड्यांवर तापमान काढणं), असं फुकटातलं जमवलंय.

बोर्ड अ‍ॅल्युमिनियमच्या पाठीचा, १२० बाय ८० मिमी. वरून खाली थर असे: तांबं ७० मायक्रॉन, डायइलेक्ट्रिक (वीज अडवणारा थर) १०० मायक्रॉन (वाहकता २ वॅट प्रति मीटर-केल्विन), अ‍ॅल्युमिनियम १.६ मिमी, थर्मल पेस्ट १०० मायक्रॉन (वाहकता १), आणि खाली फिन्सवालं हाउसिंग. वर १२ मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारे, तापणारे स्विच), प्रत्येकी ८ वॅट, म्हणजे एकूण ९६. प्रत्येकाचा पॅड १० बाय १० मिमी.

आता रडगाणं.

पहिल्यांदा नीट, सुबक टेट्रा (चतुष्फलक, चार पृष्ठांचे तुकडे) हवेत म्हणून डायइलेक्ट्रिकमध्ये ५० मायक्रॉनचं माप दिलं. त्या एकाच थरात साडेचार कोटींच्या आसपास एलिमेंट निघतील असा हिशोब झाला. ३२ जीबीच्या मशीनने त्याआधीच मान टाकली. मग माप अर्धा मिमी केलं, तर थराच्या जाडीत एकच टेट्रा बसला आणि क्वालिटीचा रंगीत नकाशा संपूर्ण लालेलाल. तरी दामटून चालवलं. स्टेडी स्टेटला (तापमान स्थिरावल्यावर) पॅड आणि हाउसिंग यांच्यात १२.४ अंशांचा फरक येतोय. ट्रान्झियंटमध्ये (तापमान वेळेनुसार चढताना) तर सगळं ४० अंशांवर सुरू केलेलं असताना पहिल्या १ मिलिसेकंदाच्या स्टेपनंतर डायइलेक्ट्रिकमध्ये काही ठिकाणी ३८.७ दिसतं. गरम करायला घेतलेला बोर्ड थंड कसा होईल?

साहेबांचा एकच धोशा, "मेश सुधार." सुधारू म्हणजे नेमकं काय करू?

रात्रपाळी (सोमवार, रात्री ११:५२)

आस्पेक्ट रेशो (एलिमेंटची लांबी भागिले जाडी) ५ च्या खाली आण, सगळं सुतासारखं सरळ होईल. आमच्याकडे १० च्या वर गेला की रिव्ह्यूमध्ये मॉडेल परत येतं. रॅम वाढवून मागा, किंवा अर्धा बोर्ड कापून सिमेट्री लावा.

खडूफळा (मंगळवार, सकाळी ६:१०)

रात्रपाळी, तुमचा नियम कारच्या दरवाजाचं पत्र्याचं मॉडेल असेल तर ठीक. इथे तो लावला तर हा मुलगा साडेचार कोटींतून कधीच बाहेर येणार नाही.

लांबट किंवा चपटा एलिमेंट म्हणजे वाईट एलिमेंट, हा समज फार खोल रुजलाय. १९७६ साली बाबुश्का आणि अझीझ यांनी त्रिकोणी एलिमेंटबद्दल दाखवलं की अचूकता बिघडवतो तो १८० अंशांकडे सरकणारा मोठा कोन. बारीक कोन असला म्हणून काही बिघडतं असं नाही. काटकोन ठेवून त्रिकोण कितीही चपटा करा, त्याची तक्रार नसते. तेच फाकवून जवळजवळ सरळ रेषेत आणा, की ग्रेडियंटची (तापमानाच्या उताराची) वाट लागली.

आता तुमच्या थराकडे बघा. अर्धा मिमी बाय अर्धा मिमी बाय ३३ मायक्रॉनची वीट: आस्पेक्ट रेशो १५, पण सगळे कोन ९० अंशांचे. उष्णता त्या थरात जवळजवळ सरळ खाली उतरते, तापमान उतरतं ते जाडीच्या दिशेने. तिथे तीन नोड (एलिमेंटचे जोडबिंदू) जास्त द्या, आडवं माप मोठं ठेवा. त्याच जागी फ्री टेट्रा टाकले की मेशरला चपट्या जागेत चतुष्फलक कोंबावे लागतात, आणि त्यांचे पृष्ठभागांमधले कोन १८० अंशांकडे सरकू शकतात. तुमचा लाल रंग त्या कोनांमुळे असेल तर खरा. विटांवर लाल आला तर दुर्लक्ष करा. जीमेशचे गामा वगैरे क्वालिटीचे निकष समभुज आकाराला पूर्ण गुण देतात, चपट्याला कमी देणारच. त्यांना तुमची उष्णता कुठून कुठे चाललीय हे माहीत नसतं.

चाकणचा_चक्रम (मंगळवार, सकाळी ९:०५)

सर, विटांचा थर जीमेशमध्ये कसा करायचा? माझ्याकडे डिझाइनवाल्यांनी दिलेली स्टेप फाइल (त्रिमितीय डिझाइनची फाइल) आहे. थर तयार घनच येतात.

उकडीचा_मोदक (मंगळवार, दुपारी १:३०)

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, तुटक असेल.

डिझाइनच्या फाइलमधले थर वापरूच नकोस. त्यातून फक्त बोर्डाची वरची आकृती घे: बाह्यरेषा, पॅड, स्क्रूची भोकं. ते एकच प्रतल आधी चौकोनी मेश करून घे आणि मग खाली एक्स्ट्रूड कर (जाडीच्या दिशेने ओढ). एक्स्ट्रूडमध्ये लेयर्स देता येतात आणि सोबत रिकंबाइन लिहिलं की विटा मिळतात. तांब्यात २, डायइलेक्ट्रिकमध्ये ३, अ‍ॅल्युमिनियममध्ये ४, पेस्टमध्ये २. एकूण ११. अर्ध्या मिमीने प्रतलात साधारण ३८ हजार चौकोन, म्हणजे सगळे मिळून सव्वाचार लाख विटा. ३२ जीबीत सहज मावतील, डायरेक्ट सॉल्व्हर लावला तरी.

तांबं सगळीकडे नाही, ट्रॅक आहेत, हे माहितीय. ट्रॅकची आकृतीही त्याच प्रतलावर उमटव, आणि जिथे तांबं नाही तिथल्या विटा तांब्याच्या थरातून वगळ. नोड आपोआप जुळलेले राहतात, हा सगळ्यात मोठा फायदा.

आता अर्धा मिमी पुरे का? याचं उत्तर मेशला विचारू नकोस, थरांना विचार. तांब्यात उष्णता पॅडच्या कडेबाहेर किती लांब पसरते ते काढता येतं. तांब्याची वाहकता गुणिले त्याची जाडी गुणिले डायइलेक्ट्रिकची जाडी, भागिले डायइलेक्ट्रिकची वाहकता, या सगळ्याचं वर्गमूळ. ३९० × ०.०७ × ०.१ ÷ २, वर्गमूळ काढलं की सुमारे १.२ मिमी. म्हणजे पॅडच्या कडेपासून सव्वा मिमीत तापमान झपाट्याने उतरतं. तिथे तीन-चार विटा हव्यात, म्हणून कडेपाशी ०.३ ते ०.४. बाकी मोकळ्या जागेत २ मिमी ठेवलंस तरी कुणी विचारणार नाही.

रात्रपाळी (मंगळवार, दुपारी २:१५)

हे वर्गमूळ पहिल्यांदा बघतोय. वाखुसा (वाचनखूण साठवली).

पण एक शंका. इतका खटाटोप कशाला? पेस्टचा थर मॉडेलमधून उडवायचा आणि त्या जागी कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स (उष्णतेला होणाऱ्या अडथळ्याचा नुसता आकडा) द्यायचा. हाकानाका (हाय काय, नाय काय).

नेकरकाठ (मंगळवार, दुपारी ४:४०)

स्टुटगार्टहून. पॉवर मॉड्यूलचं हेच काम रोज करतो, म्हणून तोंड घालतो.

रात्रपाळींचं अर्धं बरोबर. पेस्टसारखा थर, ज्यात उष्णता फक्त आरपार जाते, तो जाडी भागिले वाहकता एवढ्या एका आकड्यात मावतो. ओपनफोममध्ये (हेही फुकट सॉफ्टवेअर) तर दोन रिजनमधल्या तापमानाच्या जोडणीच्या कंडिशनमध्ये थिकनेसलेयर्स आणि कप्पालेयर्स अशा दोन याद्या लिहिल्या की काम झालं, थराला एकही सेल लागत नाही. तांब्याचा थर मात्र असा उडवू नका. त्याचं काम आडवं पसरवण्याचं आहे. तो उडवला की पॅडखालची उष्णता सरळ विहिरीत पडल्यासारखी जाते आणि तापमान उगाच जास्त दिसतं.

दुसरी अट वेळेची. थराच्या जाडीचा वर्ग भागिले थर्मल डिफ्युझिव्हिटी (उष्णता किती वेगाने पसरते तो आकडा), म्हणजे उष्णतेला थर पार करायला साधारण लागणारा वेळ. डायइलेक्ट्रिकची डिफ्युझिव्हिटी दर सेकंदाला १ चौरस मिमीच्या आसपास धरा. ०.१ चा वर्ग ०.०१, म्हणजे १० मिलिसेकंद. दहा सेकंदांचा चढ बघायचा असेल तर थर नुसता रेझिस्टन्स म्हणून चालेल. मोटर संथ फिरताना एकाच फेजवर येणारे मिलिसेकंदांचे झटके बघायचे असतील तर डायइलेक्ट्रिकची उष्णता साठवण्याची क्षमताही हवी, मग विटा हव्यातच.

आणि ३८.७ चं कोडं. चक्रमभाऊ, तो तुमच्या टाइम स्टेपचा आणि एलिमेंटच्या मापाचा भांडणतंटा आहे. रेषीय एलिमेंट आणि नेहमीचा कन्सिस्टंट मास मॅट्रिक्स (उष्णतेची साठवण शेजारच्या नोडांत मिसळून वाटणारा) असेल तर स्टेप फार लहान घेऊन चालत नाही. मापाचा वर्ग भागिले सहा पट डिफ्युझिव्हिटी, याच्या खाली गेलात की शेजारचे नोड उलटे हलायला लागतात. तुमचा १०० मायक्रॉनचा एकच टेट्रा: ०.०१ ÷ ६, म्हणजे १.७ मिलिसेकंद. तुमची स्टेप १ मिलिसेकंद. सापडला चोर. थरात तीन विटा केल्या की तीच मर्यादा ०.१९ मिलिसेकंदावर येते आणि तुमची स्टेप सुरक्षित होते.

लोक इथे हमखास उलटं करतात. उत्तर विचित्र आलं की स्टेप आणखी लहान करतात आणि ते आणखी विचित्र होतं.

खडूफळा (मंगळवार, संध्याकाळी ५:०२)

+१. हाउसिंगमध्ये ४ मिमीचे टेट्रा असतील तर तिथे ही मर्यादा ४० मिलिसेकंदांच्या आसपास जाते, तिथेही शतांश अंशांची हुडहुडी दिसेल. एल्मरमध्ये लम्प्ड मास मॅट्रिक्स (साठवण एकेका नोडवर वेगळी ठेवणारा) चालू करता येतो, त्याने बहुतेक निघून जाईल. जायला हरकत नाही, पण आधी विटा करा. मेश तसाच ठेवून लम्पिंग करणं म्हणजे तापावर नुसती पट्टी.

टवाळ_कार्ट (मंगळवार, संध्याकाळी ७:३०)

धाग्याचं नाव बघून मच्छरदाणीच्या दुरुस्तीचा आहे असं वाटलं. पाच प्रतिसाद वाचून झाल्यावर खात्री झाली की नाही.

(दिवे घ्या.)

चाकणचा_चक्रम (बुधवार, रात्री १०:४५)

टवाळ, घरची मच्छरदाणीही फाटलीय, ती तुझ्याकडे पाठवतो.

दोन दिवस खपून प्रगती अशी. हाउसिंग आणि पेस्ट डिझाइनच्या फाइलमधून तशीच ठेवली (हाउसिंगचे बॉस (स्क्रूसाठीचे उंचवटे) वाकडेतिकडे आहेत, एक्स्ट्रूड होईनात), तांबं आणि डायइलेक्ट्रिक मात्र मोदकताईंच्या पद्धतीने विटांचे केले. सगळं एकत्र सांधायला बूलियन फ्रॅगमेंट्स (एकमेकांत शिरलेले घन कापून वेगळे तुकडे करणारी जीमेशची आज्ञा) चालवलं. एकूण साडेसहा लाख एलिमेंट, सॉल्व्ह चार मिनिटांत. ३८.७ गायब! पहिल्या स्टेपपासून सगळं ४० च्या वर. नेकरकाठ, तुम्हाला चाकणच्या टपरीवरचा चहा लागू.

पण स्टेडीचा फरक अजूनही १२.१ च. मेश दुप्पट बारीक केला, १२.१. चौपट केला, १२.१. आत ९६ वॅट, बाहेर ९५.९८. साहेब खूश, म्हणाले मेश इंडिपेंडन्स (मेश बदलला तरी उत्तर तेच) झाला, रिपोर्ट लिही.

आणि आज दुपारी टेस्टवाल्यांनी थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावून आकडा पाठवला. पॅड ते हाउसिंग: साडेसहा.

उकडीचा_मोदक (बुधवार, रात्री ११:१०)

रिपोर्ट लिहू नकोस! कागद घे.

एका मॉस्फेटची ८ वॅट उष्णता.

डायइलेक्ट्रिक: पॅड १० चा, दोन्ही बाजूंनी १.२ पसरला की १२.४ बाय १२.४, म्हणजे साधारण १५४ चौरस मिमी. ०.१ मिमी जाडी, वाहकता २. रेझिस्टन्स ०.३२५, गुणिले ८ म्हणजे २.६ अंश.

अ‍ॅल्युमिनियम: ०.४ धर.

पेस्ट: परत तेच वर्गमूळ, आता अ‍ॅल्युमिनियम वर आणि पेस्ट खाली. १६० × १.६ × ०.१ ÷ १, वर्गमूळ ५ मिमी. म्हणजे एकेका मॉस्फेटला २० बाय २०, ४०० चौरस मिमी मिळाले. ०.२५ गुणिले ८, २ अंश.

तांबं आणि सोल्डर मिळून ०.१५.

बेरीज पाच-सव्वापाच. थर्मोकपल साडेसहा म्हणतंय, ते पेस्ट थोडी जाड लागली असेल तर समजण्यासारखं आहे. तुझं १२ कुठून येतंय? सात अंश वर. सात अंश मेशमुळे येत नाहीत, विशेषतः तीन वेगवेगळे मेश एकच आकडा देत असताना. तुझ्या मॉडेलमध्ये एक थर जास्त आहे.

खडूफळा (गुरुवार, सकाळी ६:०५)

मोदक, छान. चक्रम, ९६ आत आणि ९६ बाहेर याने फक्त सॉल्व्हर पूर्ण झाला एवढंच कळतं. मध्ये चुकीचं मटेरियल बसलं असेल तरी स्टेडी स्टेटला बेरीज जुळणारच. जास्त अडथळा म्हणजे जास्त तापमान, वॅट तेवढेच. तुमचा मेश इंडिपेंडन्स चुकीच्या मॉडेलचा झालाय.

अ‍ॅल्युमिनियमच्या तळापासून हाउसिंगपर्यंत एक उभी रेष मारून तिच्यावरचं तापमान छापा. पायरी कुठे आहे ती दिसेल.

चाकणचा_चक्रम (गुरुवार, रात्री ९:३०)

सापडलं. सापडलं!! आणि लाजही वाटतेय.

रेषेवर पायरी आली ती पेस्टमध्ये नाही. पेस्टच्या वर, अ‍ॅल्युमिनियमच्या अगदी तळाशी, २० मायक्रॉनच्या पट्टीत पावणेआठ अंश उतरत होते. झूम केलं तर तिथे एक वेगळाच घन. डिझाइनवाल्यांनी पेस्ट १२० मायक्रॉन जाड काढलेली, जागा मात्र १०० चीच. वरचे २० मायक्रॉन अ‍ॅल्युमिनियममध्ये घुसलेले. स्क्रीनवर कधीच दिसलं नसतं. बूलियन फ्रॅगमेंट्सने इमानेइतबारे त्या घुसलेल्या भागाचा तिसरा घन केला. आणि माझ्या स्क्रिप्टमध्ये शेवटची ओळ अशी: ज्या घनाला नाव नाही तो हवा समज. ती ओळ मी हाउसिंगच्या आतल्या पोकळीसाठी लिहिली होती.

म्हणजे बोर्ड आणि पेस्ट यांच्यामध्ये मी २० मायक्रॉन हवा भरून ठेवली होती. हवेची वाहकता ०.०२६. मोदकताईंच्या पद्धतीने हिशोब केला: २० मायक्रॉन हवा म्हणजे दीड मिमी डायइलेक्ट्रिक! आणि ९६ वॅट ९,६०० चौरस मिमीवर, रेझिस्टन्स ०.०८, बरोबर ७.७ अंश. कागदावरचा आकडा आणि रेषेवरची पायरी जुळल्यावर अंगावर काटा आला.

पेस्ट १०० ची केली, परत चालवलं. पॅड ते हाउसिंग ५.४.

नेकरकाठ (गुरुवार, रात्री १०:१५)

वा! लाज कसली. इथे नोकरीत लागलो तेव्हा मी सिलिकॉनच्या चिपखाली असाच एक अनाथ घन आठवडाभर वागवला होता, फक्त माझ्याकडे थर्मोकपलवाले नव्हते.

दोन सवयी लावून घ्या. स्क्रिप्टमधली ती हवेची ओळ काढा. अनाम घन सापडला की प्रोग्राम थांबलाच पाहिजे. आणि फ्रॅगमेंट्सनंतर घन मोजा. आधी ठरवा किती असायला हवेत. तुमच्याकडे एक जास्त होता. नंतर प्रत्येक घनाचं आकारमान छापा: १२० × ८० × ०.०२, १९२ घनमिमी असा पापुद्रा यादीत दिसला असता तर पहिल्याच दिवशी डोळ्यांत खुपला असता.

याच्या उलटा प्रकारही होतो. घुसलेलं नसतं, एखाद्या मायक्रॉनची फट राहते, नोड जुळत नाहीत आणि थर फक्त स्क्रूंपाशी चिकटतो. तेव्हा तापमान शेकड्यांत जातं. ती चूक बरी, लगेच दिसते. तुमची सात अंशांची चूक खरी धोकादायक, कारण १२ हा आकडा खोटा वाटत नाही.

रात्रपाळी (गुरुवार, रात्री ११:४०)

मी आज आमच्या जुन्या एका बॅटरी पॅकच्या मॉडेलमध्ये घन मोजले. असायला हवे होते ४१. निघाले ४३.

उद्या ऑफिसात काय सांगू याचा विचार करतोय. आस्पेक्ट रेशो मात्र सगळीकडे ५ च्या खाली आहे.

उकडीचा_मोदक (शुक्रवार, सकाळी ८:२०)

@रात्रपाळी, दोन पापुद्रे कुठल्या थरांत आहेत ते आधी बघ. तांब्याच्या बसबारच्या आत असतील तर आकडा बदलणार. मोकळ्या कोपऱ्यात असतील तर कुणालाही काही सांगू नकोस.

@चक्रम, अवांतर: साडेसहा आणि ५.४ मधला १.१ अंश उरलाय तो मेशमध्ये शोधत बसू नकोस. पेस्ट १०० मायक्रॉनपेक्षा बरीच जाड लागली तर तेवढा निघतो. टेस्टवाल्यांना बोर्ड उचलून पेस्टचा ठसा बघायला सांग.

चाकणचा_चक्रम (शुक्रवार, संध्याकाळी ६:५०)

सांगितलं. त्यांनी उचलला. चार कोपऱ्यांतल्या स्क्रूंपाशी पेस्ट पिळून बाहेर आलीय, आतलं अ‍ॅल्युमिनियम जवळजवळ दिसतंय, आणि बोर्डाच्या मध्यभागी जाडजूड पांढरा गोळा तसाच. मध्ये पाचवा स्क्रू द्यायचा का यावर आता डिझाइनवाले आणि साहेब यांचं वाजलंय. मी शांतपणे चहा पितोय.

कुणाला माझी फाइल हवी असेल तर: खरा बोर्ड टाकता येणार नाही. एक पॅड, पाच थर असा खोटा बोर्ड करून रविवारी इथेच चढवतो, अनाम घनाला थांबणाऱ्या ओळीसकट.